कामकऱ्यांचा रविवार



आजच्या व्याख्यानाचा विषय दिसायला लहान आहे. आठवड्याच्या सात दिवसांपैकी एका दिवसाचा हा इतिहास. आणि तोही राजेरजवाड्यांच्या नव्हे, तर गिरणीत सांचा चालविणाऱ्या माणसाच्या आठवड्यातला. परंतु रत्नागिरीकरांना हा विषय परका वाटू नये. आपल्याकडील बहुतेकांच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांत कोणी ना कोणी 'मुंबईस' असे. १९११ सालच्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी-कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. त्या वेळच्या या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत होता हे खरे. तरी एका जिल्ह्याने एवढ्या मोठ्या धंद्याला आपली निम्मी माणसे पुरवावीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही माणसे आठवड्याचे सहा दिवस काय करीत होती, ते गिरण्यांच्या हिशेबात लिहिलेले आहे. सातव्या दिवशी ती कोठे बसत, कोणाबरोबर बसत, आणि त्यांना एकत्र बसविण्यासाठी कोण कोण खटपट करीत होते, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम त्या वाराविषयीच दोन शब्द. आपले जुने नाव आदित्यवार. त्याचाच बोलीत ऐतवार झाला. हा सूर्याचा वार, खंडोबाचा वार, जोतिबाचा वार. तो उपासाचा आणि देवदर्शनाचा दिवस होता, पण काम बंद ठेवण्याचा दिवस नव्हता. शेतकऱ्याची विश्रांती पावसावर, पंचांगावर आणि सणावारांवर अवलंबून असे. सात दिवसांच्या ठरावीक फेऱ्यावर नसे. रविवारी काम थांबवावे, प्रार्थनेसाठी जमावे, ही चाल ख्रिस्ती धर्माची. पोर्तुगीज भाषेत रविवारला 'दोमिंगो' म्हणतात, आणि त्याचा अर्थच मुळी 'प्रभूचा दिवस' असा आहे. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांबरोबर ही सुट्टी आपल्याकडे आली, आणि कारकुनाला ती मिळू लागली. गिरणीतल्या माणसाला मात्र ती आपोआप मिळाली नाही.

आता क्षणभर विलायतेकडे वळू, कारण कामकऱ्यांच्या रविवारचा प्रश्न तेथे आधी निघाला. इंग्लंडमधील मजुरास रविवारची सुट्टी होती, पण तो देवळात जात नसे. देवळातील पुढची बाके पैसे भरून राखून ठेवलेली, प्रवचने लांबलचक, आणि अंगावर धड कपडा नसला की भोवतालच्या लोकांच्या नजरा बोचत. तेव्हा हा माणूस रविवार घरी झोपून किंवा गुत्त्यात बसून काढी. १८७५ साली बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमविच या गावी जॉन ब्लॅकहॅम नावाच्या गृहस्थाने यावर एक उपाय काढला. रविवारी दुपारी, खास कामकरी पुरुषांसाठी, चर्चमध्येच एक मेळावा भरवावयाचा. प्रार्थना थोडकी, गाणे-वाजवणे भरपूर, भाषण सोपे आणि आटोपशीर, आणि वातावरण भाऊबंदांच्या बैठकीसारखे. 'रविवारची रमणीय दुपार' असे काहीसे त्याचे नाव होते. नियमाने येणाऱ्यास बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. पुढे या मेळाव्यांना जोडून बचतीचे आणि आजारपणाचे फंड निघाले. एकोणिसावे शतक संपेपर्यंत ही चळवळ इंग्लंडभर पसरली, आणि तिचे सभासद लाखांनी मोजले जाऊ लागले. नंतर 'बंधुत्वाची चळवळ' या नावाने ती ओळखली गेली, आणि केअर हार्डी व आर्थर हेंडरसन यांच्यासारखे मजूर पुढारी तिच्या व्यासपीठावरून बोलू लागले. चर्चने माणसे जमविली देवासाठी; परंतु चार माणसे एके ठिकाणी बसली म्हणजे भाकरीचे बोलणे निघाल्यावाचून राहत नाही, हे यावरून दिसते.

हेच १८७५ साल आपल्याकडेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण येथे बसलो आहोत ती प्रथा तेथली. आणि त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी आपला संघ स्थापन केला. शिकलेल्या लोकांना व्याख्याने मिळाली, मालकांना संघटना मिळाली. कामकऱ्याला मात्र अजून आठवड्याची सुट्टीदेखील मिळाली नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले, उन्हाळ्यात तो दिवस तेरा-चौदा तासांचा होई. रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसण्यासाठी पुष्कळ ठिकाणी सकाळचे काही तास हजर राहावे लागे. १८८१ च्या पहिल्या कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. वयात आलेल्या माणसाचा त्यात विचारच नव्हता.

ही सुट्टी ज्या एका माणसाच्या चिकाटीने मिळाली, त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत कोठाराचे काम पाहू लागले, आणि कामगारांचे हाल त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. ते जोतीराव फुले यांचे सहकारी. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईतून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनकडे पाठविला. त्यातील पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुट्टीची होती. दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपूर्वी, अपघातात जायबंदी झालेल्यास मदत, या बाकीच्या मागण्या. आज वाचताना त्या किती बेताच्या वाटतात! तरी सहा वर्षे काही हालले नाही. शेवटी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर शिक्कामोर्तब झाले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्या काळच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांचा या कायद्यांना विरोध होता. त्यांचे म्हणणे असे की, लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदी कापडाची स्पर्धा नको आहे, म्हणून त्यांना आपल्या मजुरांची एकाएकी दया आली आहे. हे म्हणणे सर्वस्वी खोटेही नव्हते. पण लँकेशायरचा हेतू मलिन होता म्हणून परळच्या माणसाची पाठ दुखत नव्हती, असे थोडेच होते? लोखंडे यांनी हा फरक ओळखला. रविवार ही साहेबाची देणगी, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. वार साहेबाच्या धर्मातून आला असेल. पण कामकऱ्याला तो सह्या गोळा करून आणि मैदाने भरवून मिळवावा लागला. लोखंडे स्वतः १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता, प्लेगनेच वारले.

सुट्टी मिळाली. आता ती घालवावयाची कशी, हा दुसरा प्रश्न. रिकामा दिवस आणि जवळच गुत्ता, ही जोडी मुंबईतही होतीच. तेव्हा कामकऱ्याच्या या दिवसाकडे बऱ्याच मंडळींचे लक्ष गेले.

मिशनरी लोक तर आपल्या भागात फार आधीपासून होते. स्कॉटिश मिशनचे पहिले ठाणे मुंबईत नव्हे, तर आपल्या बाणकोटास १८२३ साली पडले, नंतर हर्णैस. रत्नागिरी शहरात पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन आले. त्यांचा भर शाळांवर आणि उपदेशावर होता; कामकऱ्यांचा मेळावा ही कल्पना तेथे रुजण्याचे कारण नव्हते, कारण येथे गिरण्या नव्हत्या. येथला कामकरी आगबोटीत बसून मुंबईस गेलेला! मुंबईत मात्र अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नागपाड्यास 'नेबरहूड हाउस' उघडले. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे पाद्री त्याचे प्रमुख. वाचनालय, दवाखाना, खेळाचे मैदान, व्याख्याने, निरनिराळी मंडळे, असे त्याचे स्वरूप होते. वस्ती मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी सरमिसळ. आणि धर्मांतराचा आग्रह न धरता सर्वांसाठी दार उघडे ठेवावयाचे, हे मॅनशार्ट यांचे धोरण. त्याच घरात १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

आपल्या लोकांतही हा प्रयत्न झाला. मुंबईची प्रार्थना समाज ही संस्था १८६७ ची. तिची साप्ताहिक उपासना रविवारी होई. मालवणास जन्मलेले आणि आपल्या रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथे तुकोबांच्या अभंगांवर प्रवचने करीत. उपासना मराठीत, आधार संतांचा, तरीही श्रोते बहुतेक शिकलेले. ही उणीव ज्यांना जाचली, त्यांत विठ्ठल रामजी शिंदे प्रमुख होत. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात ते उदार धर्माचा अभ्यास करीत होते, आणि गरीब वस्त्यांतून चाललेले तिकडच्या धर्मसंस्थांचे काम त्यांनी हिंडून पाहिले. परत आल्यावर १९०६ च्या ऑक्टोबरात त्यांनी परळला अस्पृश्यांसाठी पहिली शाळा उघडून आपल्या मिशनचे काम सुरू केले. दिवसाच्या शाळांना जोडून रविवारचे वर्ग आणि भजन समाज त्यांनी चालविले. विलायतेच्या रविवारातला गाभा त्यांनी घेतला, आणि गाणे मात्र आपल्या मातीतले ठेवले.

पुढे १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. देवाधर्माचे नाव न घेता चालविलेले हे काम. रात्रीच्या शाळा, चाळीचाळीतून फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, व्याख्याने, दवाखाने. परळचे दामोदर नाट्यगृह लीगच्याच आवारातले. कामगारांची नाटके तेथे पिढ्यान्‌पिढ्या झाली. जोशीबुवांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ते वाचनालयापासून निघाले आणि १९२० च्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसपर्यंत व १९२६ च्या गिरणी-कामगारांच्या युनियनपर्यंत पोहोचले. वेस्ट ब्रॉमविचला जे घडले तेच परळला घडले.

हे सर्व प्रयत्न थोर होते. तथापि त्यांत एक गोष्ट समान होती. मेळावा भरविणारा एक आणि येऊन बसणारा दुसरा. कामकऱ्याने यावे, ऐकावे, सुधारावे, ही सर्वांची अपेक्षा. आता कामकऱ्याने स्वतःच्या हाताने भरविलेला रविवार पाहा.

त्यात पहिले उदाहरण आपल्या शेजाऱ्यांचे, गोवेकरांचे. बोटीवर खलाशी, हॉटेलात आचारी, बँडमध्ये वाजविणारे असे हे ख्रिस्ती लोक मुंबईस आले आणि धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावाचे 'कूड' काढून राहिले. कूड म्हणजे गावाच्या नावाने घेतलेली सामाईक खोली. भिंतीशी ओळीने पेट्या, आणि पुढे गावच्या संताची वेदी. संध्याकाळी तेर्स म्हणावयास हजर राहिलेच पाहिजे, हा नियम. महिन्याला थोडी वर्गणी भरली की बोटीवरून उतरलेल्या माणसाला हक्काचा निवारा. चर्च येथे वरून आलेले नाही. माणसांनी गावाबरोबर ते पेटीत घालून आणले आहे.

आणि दुसरे उदाहरण आपले स्वतःचे. लालबाग, परळ, शिवडी, डिलाइल रोड येथल्या चाळींतून रत्नागिरीकरांच्या गावकीच्या खोल्या होत्या. दहा-बाय-बाराची जागा, आणि पाळीपाळीने झोपणारी वीस-वीस माणसे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. सहा दिवस या माणसांची एकमेकांशी नीट भेटही होत नसे. रविवारी मात्र खोली पूर्ण भरे. गावाहून आलेली पत्रे ज्याला वाचता येत तो मोठ्याने वाची. मंडळाची सभा भरे, वर्गणी जमे, कोणाच्या घरावरचे कौल उडाले, कोणाचे कलेवर गावी न्यावयाचे, शाळेच्या इमारतीस किती पाठवावयाचे, देवळाच्या सभामंडपाचे काय, हे सर्व तेथे ठरे. मग टाळ-मृदंग निघत. शिमग्या-गणपतीच्या आधी नमन-खेळ्यांची नि जाखडीची तालीम चाले. कोकणातल्या कितीतरी शाळा, विहिरी नि देवळे मुंबईतल्या अशा रविवारांच्या पैशातून उभी राहिली आहेत. या मेळाव्यास ना पाद्री लागला, ना अध्यक्ष, ना बक्षिसाचे पुस्तक. आणि जुलै १९०८ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. एवढी माणसे इतक्या लवकर एका विचाराने कशी उठली, याचे नवल करणाऱ्याने या खोल्यांतील बैठक ध्यानात घ्यावी.

पण आपलेच आहे म्हणून त्याचे दोष झाकणे बरे नव्हे. ही खोली गावाची, तशीच जातीचीही होती. कूडातही पुष्कळदा तोच प्रकार. गिरणीत सूत तुटले की धोट्यातून ते तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या माणसाला विणकाम-खात्यात शिरू देत नसत; आणि पगार तर त्याच खात्यात चांगला. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न स्पष्टपणे पुढे मांडला. सहा दिवस जी भिंत गिरणीत होती, ती रविवारी खोलीतही होती. शिंद्यांचा भजन समाज लहान होता, आपल्या खोल्या पुष्कळ होत्या. पण ही भिंत पाडण्याची इच्छा तेथे होती, येथे ती सहसा नव्हती.

दुसरा दोष याहून जवळचा. या वीस माणसांचे जेवण कोण करी? खानावळवाली. पुष्कळदा ती आपल्याच मुलखातली. नवऱ्याचा पगार पुरेना म्हणून दहा-पंधरा माणसांचे डबे करणारी. पहाटे चूल पेटे, ती शेवटच्या पाळीचा माणूस जेवून गेला म्हणजे विझे. आणि रविवारी? रविवारी सगळेच घरी, त्यातून मासळी-मटणाचा बेत. म्हणजे तिचे काम दुप्पट. पुरुषांचा विसावा तिच्या श्रमावर उभा होता. महालक्ष्मीच्या सभेत रविवारसाठी दोन स्त्रिया बोलल्या होत्या; तो मिळाल्यावर या दुसऱ्या स्त्रियांच्या वाट्यास तो आला नाही. विलायतेतील मेळावा पुरुषांचा, कूड पुरुषांचा, आपली खोलीही पुरुषांचीच. त्या बायकांसाठी एकत्र बसण्याची जागा पुष्कळ उशिरा, १९७५ साली निघाली. प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा.

यानंतर थोड्याच वर्षांनी सगळे चित्र पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपातून गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. पुष्कळ माणसे गावी परतली. सांचे मोडीत निघाले, खोल्यांच्या जागी मनोरे चढले.

श्रोतेहो, इतके सांगून माझी एक विनंती आहे. मिशनांचे अहवाल छापलेले आहेत, लीगचे अहवाल आहेत, मालकांच्या संघाची दफ्तरे आहेत. गावकीच्या खोलीचा अहवाल कोणी छापला नाही. परंतु मंडळाची वही प्रत्येक ठिकाणी होती. कोणी किती आणे भरले, कोणास किती मदत दिली, कोणाला सभेस न आल्याबद्दल दंड झाला, हे त्यात पेन्सिलीने लिहिलेले असे. अशा वह्या आजही आपल्या माळ्यांवरच्या पत्र्याच्या ट्रंकांत असतील. वाळवी लागण्यापूर्वी त्या खाली काढा. १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आपल्याच गावात आहे. तेथे नेऊन दाखवा, निदान त्यांच्या नकला करून ठेवा. आणि वही उघडाल तेव्हा वर्गणीदारांच्या नावांबरोबर हेही पाहा की, त्या रविवारी कोणाचे नाव यादीत नव्हते, आणि कोण चुलीपाशी होती. तिचे नाव वहीत सापडणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ते आपणच समासात लिहून ठेवावे.